गाणे नव्हे, ध्वनिमुद्रण निवडा: जुनी गाणी वापरणाऱ्या मराठी मालिकाकारांना खुले पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, दिग्दर्शक, संकलक, पार्श्वसंगीतकार आणि ध्वनिमिश्रण करणारे तंत्रज्ञ यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या मालिकांत जुनी गाणी वाजतात याचा आम्हाला आनंद आहे. ती कमी वाजावीत म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. आम्ही जुन्या ध्वनिमुद्रिका जपणारी, त्यांचे डिजिटल रूपांतर करणारी आणि मिश्रणाच्या टेबलावर काम करणारी माणसे आहोत. आमचे मागणे एकच आहे: मालिकेसाठी गाणे निवडू नका, त्या गाण्याचे एक नेमके ध्वनिमुद्रण निवडा, आणि ते कोणते हे चित्रीकरणाआधी कागदावर लिहा.

पटकथेत बहुधा एवढेच असते: ‘मागे जुने गाणे सुरू.’ मग प्रसंग संकलनाला येतो, कुणीतरी इंटरनेटवर शोधतो, पहिल्यांदा सापडलेला आवाज उतरवून घेतो आणि टाइमलाइनवर ठेवतो. पुढे जे जे बिघडते त्यातले बहुतेक इथेच बिघडलेले असते. एकाच गाण्याची चार-पाच रूपे बाजारात असतात. एक मूळ ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीवरचे. एक चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरचे, ज्यात कधी एखादे कडवे जास्त असते, कधी मधले वाद्यसंगीत लांब असते. एक त्याच गायकाने पुढे एल.पी. (लांब वाजणारी तबकडी) किंवा कॅसेटसाठी पुन्हा गायलेले. एक ‘झंकार’सारख्या नावाखाली नवे ठोके आणि प्रतिध्वनी चढवलेले. आणि एक कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेले, ज्याचा वेगच चुकलेला आहे. पाचही ठिकाणी शब्द तेच, चाल तीच, म्हणून फरक पडत नाही असे वाटते. पण काळ, पट्टी, हक्क आणि मिश्रण या चारही बाबतीत ही पाच वेगवेगळी ध्वनिमुद्रणे आहेत.

गीतरामायणाचे उदाहरण घ्या. ते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक या गतीने वर्षभर प्रसारित झाले. छप्पन्न गीते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. मूळ प्रसारणात वेगवेगळी गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. आज घरोघरी आहे तो बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातला, नंतर निघालेला संच. तुमच्या मालिकेतले कुटुंब १९५५ साली रेडिओभोवती बसले असेल आणि त्या रेडिओतून नंतरचा संच वाजत असेल, तर वेशभूषेपासून दिव्याच्या बटणापर्यंत केलेली सगळी मेहनत एका आवाजाने खोटी पडते. मूळ प्रसारणाचा आवाज मिळत नसेल तर प्रसंग काही वर्षे पुढे नेऊ नका. निवेदन, हार्मोनियमची सुरुवात आणि घरातल्यांचे चेहरे एवढ्यावर तो उभा करा. तो जास्त चांगला होईल.

काळाच्या बाबतीत सर्वांत फसवे असते नाट्यसंगीत. ऐकायला जुने वाटते म्हणून ते कुठल्याही जुन्या काळाला लावले जाते. ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आले १९६४ साली, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वाड्यात यातले पद वाजणे म्हणजे पंधरा-वीस वर्षांची चूक. याच्या उलटही घडते: नाटक १९११ चे किंवा १९१६ चे, पण वापरलेले ध्वनिमुद्रण पन्नास-साठ वर्षांनंतरच्या गायकाचे, लांब वाजणाऱ्या तबकडीवरचे, तबल्याला मायक्रोफोन जवळ ठेवून घेतलेले. पद त्या काळाचे असते, आवाज नसतो. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे दोन वर्षे लिहा, रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे. प्रसंगाचे वर्ष या दोन्हींनंतरचे असले पाहिजे.

आजच्या काळातल्या कथेतही हा हिशेब लागतो. मालिकेतली आजी २०२४ साली सत्तर वर्षांची असेल तर तिचा जन्म १९५४ चा. पंधरा ते पंचवीस या वयात कानावर पडलेली गाणी माणसाला सर्वांत जवळची वाटतात असे धरले, तर तिची गाणी १९६९ ते १९७९ या दहा वर्षांतली. तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात १९४० च्या दशकातले गाणे लावता. ते तिच्या आईचे गाणे आहे. आईची आठवण म्हणून लावत असाल तर उत्तम, पण मग तो अर्थ प्रसंगात दिसला पाहिजे. सरसकट ‘आजी म्हणजे काळी-पांढरी गाणी’ हे समीकरण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालिकांतून तसेच पुढे आले आहे. दरम्यान आज्या बदलल्या.

आता गाणे ज्या यंत्रातून येते त्याबद्दल. रेडिओ दाखवला म्हणजे कोणतेही गाणे वाजवता येत नाही. बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना, १९५२ पासून, आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली होती. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि ती बुधवारी रात्री आठला लागत असे. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्यामुळे १९५४ सालच्या प्रसंगात हिंदी चित्रपटगीत रेडिओवर वाजायचे असेल तर ते सिलोनवरून, लघुलहरींवर वाजायला हवे. लघुलहरींचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, मध्येच पातळ होतो, मागे दुसऱ्या केंद्राची शीळ येते. चढउतार पाच ते पंधरा सेकंदांच्या अनियमित अंतराने ठेवा. एकसारखा ठेवला तर तो पंख्यासारखा ऐकू येतो. पुण्यातली आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ची, आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चे. ही दोन वर्षे ध्वनिविभागाच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहेत.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद जातात, मग आवाज हळूहळू वर येतो. मालिकेत अर्धा मिनिट थांबता येत नाही हे आम्हालाही कळते. मग पात्राला बटण फिरवून दुसऱ्या कामाला लागू द्या, दोन वाक्ये बोलू द्या, आणि त्या वाक्यांच्या मागून गाणे वर आणा. ट्रान्झिस्टर मात्र लगेच वाजतो. मध्यमलहरींचा आवाज वरच्या बाजूला साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झला संपतो आणि तो मोनोच असतो. १९७० च्या घरात झगझगीत स्टिरिओ ऐकू आला की चूक तिथेच दिसते.

कर्ण्याच्या ग्रामोफोनवर एल.पी. ठेवलेली आम्ही इतक्या वेळा पाहतो की त्यावर थोडे सविस्तर लिहितो. चावीचा ग्रामोफोन ७८ च्या वेगाने फिरतो, एल.पी. ३३⅓ च्या वेगाने. ग्रामोफोनची पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स विनाइलची खाच पहिल्याच फेरीत ओरबाडून काढील. त्या यंत्रावर दहा इंची लाखेची तबकडीच हवी. तिच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटे मावतात, त्यामुळे गाणे लांब असेल तर ते दोन बाजूंवर तोडलेले असते आणि मध्ये कुणालातरी उठून तबकडी उलटावी लागते. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. आवाज कमी-जास्त करायला बटण नसते. ही सगळी बंधने दिग्दर्शकाला उपयोगाची आहेत: पात्राला उठायला कारण मिळते, संवाद अर्धा तोडायला कारण मिळते, गाणे संपल्यावरच्या खरखरीत शांत बसायला कारण मिळते.

तबकडीची खरखर संगणकातून घालत असाल तर तिचा ताल सांभाळा. ७८ च्या वेगाने एक फेरा ०.७७ सेकंदात होतो, म्हणून एका चऱ्याचा ‘टक्’ सेकंदाला सुमारे १.३ वेळा येतो. एल.पी.वर हाच फेरा १.८ सेकंदांचा. तयार मिळणारी खरखर बहुधा एल.पी.ची असते, ती ७८ च्या गाण्यावर चढवली की दोन यंत्रे एकदम चालू असल्यासारखे वाटते. आणि मूळ तबकडीचा ‘टक्’ राहिलेल्या ध्वनिमुद्रणात कापाकापी केलीत, तर गाण्याचा सांधा बेमालूम जुळूनही तो ‘टक्’ चुकतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी तुटले हे कळते.

वेगाचा दोष सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत सहज दुरुस्त होणारा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, आपले टीव्ही प्रक्षेपण २५ चौकटींचे. जुन्या चित्रपटांच्या अनेक व्हिडिओ प्रती २५ च्या वेगाने चालवून केलेल्या आहेत. त्यात गाणे ४.१७ टक्के जलद होते आणि पट्टी सुमारे ०.७ सेमिटोन चढते (सेमिटोन म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधले अंतर). मूळ गाणे काळी एकमध्ये असेल तर व्हिडिओतले काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. सव्वातीन मिनिटांचे गाणे जवळजवळ आठ सेकंदांनी लहान होते. आवाज थोडा बारीक, थोडा घाईचा होतो, आणि गायिका ‘लहान’ वाटू लागते. अशा प्रतीवरून आवाज घ्यायची वेळ आलीच तर ९६ टक्के वेगाने, पट्टीसकट, खाली आणा. ताणून लांबी बदलणारे साधन वापरू नका, त्यात पट्टी चुकलेलीच राहते. दुसरी चूक सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याची: सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा, टीव्हीचा प्रकल्प ४८ चा. रूपांतर न होता फाइल तशीच वाजली तर वेग जवळजवळ ९ टक्के वाढतो, म्हणजे दीड सेमिटोन. हे इतके ढोबळ आहे की ऐकताच कळायला हवे, पण गाणे संवादाखाली दबलेले असले की सुटून जाते.

७८ च्या तबकड्यांचा वेगही नेहमी ७८ नसतो, विशेषतः सुरुवातीच्या काळातल्या. दोन फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा सेमिटोन. हार्मोनियमची साथ असेल तर ती कोणत्या पट्टीवर बसते ते पाहा. सगळ्या पेट्या एकाच स्वरमापाला लावलेल्या नसत, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका, पण पेटी दोन पट्ट्यांच्या अगदी मध्ये सापडली तर वेगावर संशय घ्यायलाच हवा. त्याच गायकाचे त्याच वर्षातले दुसरे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐका. वेग ठरल्याशिवाय त्या गाण्यावर पार्श्वसंगीताचे तानपुरे आणि व्हायोलिन चढवायला घेऊ नका. दोन पट्ट्यांच्या फटीतल्या गाण्याशी कोणतेही वाद्य जुळत नाही, मग संगीतकार वाद्ये बेसूर करतो किंवा गाण्याची पट्टी बदलतो, आणि दोन्हींत गाणेच मरते.

नवे ठोके चढवलेली प्रत ओळखायला कान पुरतात, पण खात्री हवी असेल तर संगणकावर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या हर्ट्झचा आवाज आहे ते दाखवणारे चित्र, उघडा. जुन्या तबकडीवर गायनाचा उपयुक्त भाग साधारण सात-आठ हजार हर्ट्झपर्यंत असतो, वर फक्त खरखर. तिथे बारा-चौदा हजारांच्या आसपास नियमित उभ्या रेघा दिसल्या तर ते नंतर घातलेले झांजेचे ठोके. मूळ मोनोला खोटे स्टिरिओ केले असेल तर डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐका. गायकाचा आवाज पोकळ झाला, जणू पाइपमधून आला, की ती प्रत टाकून द्या. बऱ्याच घरांत टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून दोन्ही बाजू एकत्रच ऐकल्या जातात, त्यामुळे तिथे नेमका गायकच गायब होतो.

शक्य असेल तेव्हा संग्राहकाकडून मूळ तबकडीचे नवे रूपांतर करून घ्या. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, कागदी लेबल कोरडे ठेवून. सुई ७८ साठीची, सुमारे ७५ मायक्रॉनची. एल.पी.ची २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती घाण वाजवते. एल.पी.साठी ठरलेली आरआयएए समतोलरेषा, म्हणजे वाजवताना वरच्या-खालच्या स्वरांचा तोल ठरवणारे प्रमाण, १९५४ ची आहे, ती त्याआधीच्या तबकड्यांना तशीच लावली तर वरचे स्वर दबतात आणि आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो. स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवून खाचेच्या दोन्ही भिंती वेगळ्या घ्या, बहुधा एक भिंत कमी झिजलेली असते. साफसफाईत आधी टकटक काढा, मग खरखर, आणि सर्वांत शेवटी, अगदी थोडा, सततचा फुस्स आवाज. तो पूर्ण काढायचा मोह झाला की श्वास जातो, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, तानपुऱ्याची आस तुटते आणि गायकाच्या मागे पाण्याखालचे बुडबुडे ऐकू येतात. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्येही हेच बुडबुडे असतात, कारण त्या पद्धतीला सततची खरखर नीट साठवता येत नाही. थोडी खरखर राहू द्या. ती प्रेक्षकाला खुपत नाही.

कापाकापीबद्दल आमचे मत ठाम आहे. ओळ अर्धी तोडू नका. संकलक संवादाच्या गरजेने कापतो आणि कवीचा अर्थ कापला जातो. भावगीतात बऱ्याचदा शेवटच्या कडव्यात सगळे फिरते. पहिले कडवे आनंदाचे वाटते, तिसऱ्यात कळते की तो विरह होता. फक्त धृपद ऐकून ‘आनंदी गाणे’ म्हणून लग्नाच्या प्रसंगाला लावलेली विरहगीते आम्ही मोजणे सोडून दिले आहे. गाणे निवडणाऱ्याने सगळी कडवी वाचलीच पाहिजेत. अभंग असेल तर नाममुद्रेची ओळ, ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’, येऊ द्या, नाहीतर तिच्या आधीच्या पूर्ण चरणावर थांबा.

सांधा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घाला. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ, रूपक सात, झपताल दहा, त्रिताल सोळा. कोणता ठेका आहे हे माहीत नसताना कापलेले गाणे मात्रा गिळते. आणि जुनी गाणी मेट्रोनोमवर गायलेली नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत लय थोडी वाढलेली असते, नाट्यपदात तर बरीच. म्हणून पहिले धृपद आणि शेवटचे कडवे जोडले की ठेका अचानक उडी मारतो. शेजारशेजारचे तुकडे जोडा, किंवा मधल्या वाद्यसंगीतातून बाहेर पडा. सांध्यावरचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा मावळत असताना दुसरा वर आणणे, दहा ते तीस मिलिसेकंदांचा पुरतो. एक सेकंदाचा घेतलात तर तबला दुहेरी वाजतो.

मिश्रणात खरी अडचण ही की गाणेही मराठी आणि संवादही मराठी. दोन्हींचे शब्द एकदम कळत नाहीत, कितीही आवाज कमी करा. कान दोन्हींकडे ओढला जातो आणि दोन्ही सुटतात. त्यामुळे ज्या जागी संवाद आहे तिथे मधले वाद्यसंगीत येईल असे गाणे मागे-पुढे सरकवा. हे संकलनात होते, मिश्रणात नाही, म्हणून निर्णय आधी हवा. जिथे शब्दांवर शब्द येणे टळत नाही, तिथे गाण्याची ओळ पूर्ण होऊ द्या, मग सेकंद-दीड सेकंदात ते बारा ते पंधरा डेसिबल खाली न्या, आणि दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा गाण्यातून आणखी तीन-चार डेसिबल कमी करा. व्यंजने तिथेच असतात. गाणे प्रत्येक वाक्यागणिक वर-खाली करणारे स्वयंचलित डकिंग मात्र बंद ठेवा. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत गाणे उसळून येते आणि पुन्हा बुडते, हा अनुभव त्रासदायक आहे.

गाणे प्रसंगातल्या रेडिओतून येत असेल आणि पुढे पार्श्वसंगीत होत असेल, तर तो बदल एखाद्या चित्रबदलावर करा आणि दोन्ही रूपांचा वेग-पट्टी एकच ठेवा. रेडिओचे रूप करण्याचा सर्वांत विश्वासू मार्ग अजूनही तोच आहे: गाणे एका लहान स्पीकरमधून रिकाम्या खोलीत वाजवा, दोन-तीन मीटरवर मायक्रोफोन ठेवा आणि पुन्हा मुद्रित करा. खोलीचा आकार दृश्यातल्या खोलीच्या जवळ जाणारा निवडा. चित्रीकरणाच्या वेळी मात्र संवाद चालू असताना गाणे सेटवर वाजवू नका. पहिल्या ओळीपुरते वाजवून कलाकारांना लय द्या आणि बंद करा. संवादाच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेले गाणे नंतर कापताही येत नाही आणि बदलताही येत नाही.

ते बदलावे का लागते, हा हक्कांचा भाग. इथे समजुती इतक्या चुकीच्या आहेत की तपशील दिल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत फुकट’ असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. एका ध्वनिमुद्रणात तीन वेगळ्या कृती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला, पण तिच्यावर माडगूळकरांचे गीत असेल तर शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे, कारण त्यांचे निधन १९७७ चे. तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले असे नाही. उलट टोकाचे उदाहरण ‘मानापमान’चे. नाटक १९११ चे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला. शब्द आणि चाली दोन्ही आता मोकळ्या आहेत. पण त्यातल्या पदाचे १९७५ सालचे एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण मोकळे नाही. अशा पदांचे नवे ध्वनिमुद्रण करून घेणे हा लहान बजेटच्या मालिकेला खुला असलेला सरळ रस्ता आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. संतांच्या अभंगांचेही असेच: शब्द मोकळे, चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर बहुधा नाही.

पात्र नुसते गुणगुणले तरी शब्द आणि चाल वापरली गेली. किंबहुना त्या परवानगीची घाई जास्त, कारण पडद्यावर ओठ हलताना दिसतात आणि नंतर दुसरे गाणे घालता येत नाही. वाहिनीकडे प्रसारणाचा परवाना असतो म्हणून भागेल हेही खरे नाही. गाणे प्रक्षेपित करण्याची परवानगी आणि ते तुमच्या चित्राशी जोडण्याची परवानगी, जिला धंद्यात सिंक म्हणतात, या वेगळ्या आहेत. नवीन आवाजात गाऊन घेतले की हक्काचा प्रश्न मिटतो हाही गैरसमज. त्याने फक्त तिसरी कृती, म्हणजे ध्वनिमुद्रण, वगळले जाते. कव्हर गाण्यांसाठीचे, म्हणजे जुने गाणे दुसऱ्याने नव्याने गाऊन काढण्यासाठीचे, कलम ३१ क ध्वनिमुद्रणे काढून विकण्याबद्दल आहे, मालिकेच्या दृश्यांसाठी नाही.

करारात मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षे आणि प्रदेश फक्त भारत धरला जातो. मालिका टीव्हीवर संपते, ओटीटीवर जाते, परदेशातले मराठी प्रेक्षक ती पाहतात, आणि तिथे गाण्याच्या जागी कुठलेसे बासरीचे तयार संगीत ऐकू येते, पात्र मात्र डोळे मिटून ‘किती सुंदर शब्द’ म्हणते. अमेरिकेतल्या ‘द वंडर इयर्स’ या मालिकेचा डीव्हीडी संच गाण्यांच्या हक्कांमुळे २०१४ पर्यंत अडकून राहिला होता. म्हणून माध्यमे नावानिशी लिहा: उपग्रह वाहिनी, वाहिनीचे ॲप, इतर ओटीटी, जाहिरातीचा प्रोमो, समाजमाध्यमांवरचे तुकडे. प्रोमोची परवानगी बहुधा विसरली जाते आणि गाणे सर्वांत जास्त वाजते ते प्रोमोतच. शिवाय अंतिम मिश्रणात संवाद, परिणामध्वनी, स्वतःचे पार्श्वसंगीत आणि परवान्याचे गाणे हे चार ट्रॅक वेगळे जपून ठेवा. गाणे काढायची वेळ आलीच तर पावलांचा आणि भांड्यांचा आवाज तरी त्याच्याबरोबर जाणार नाही.

हक्क विकले गेले असले तरी कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपले नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार उरतो, आणि तो त्याच्या वारसांनाही वापरता येतो. नवे ठोके चढवणे, शब्द बदलून जाहिरात करणे, या गोष्टी करण्याआधी हे वाचा. दिवंगत गायकाचा आवाज यंत्राकडून तयार करून घेण्याची कल्पना आता बैठकांत येऊ लागली आहे. ती करू नका. मूळ ध्वनिमुद्रण मिळत नसेल तर आजच्या चांगल्या गायकाला आजच्याच आवाजात गाऊ द्या, साथीला खरी पेटी, तबला आणि व्हायोलिन द्या, आणि ठोके संगणकाच्या जाळीवर ओढून सरळ करू नका.

श्रेयनामावलीसाठी नावे इंटरनेटवरून उचलू नका. तबकडीचे लेबलही आंधळेपणाने घेऊ नका: ‘महल’ (१९४९) या चित्रपटाच्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते, गाणे लता मंगेशकरांचे होते. लेबल, चित्रपटाची श्रेयनामावली आणि गाण्याची छापील पुस्तिका या तिन्हींत जुळले तर नाव पक्के समजा. भागाच्या शेवटी धावत्या पट्टीत ते कुणालाच वाचता येत नाही, म्हणून गाणे सुरू होताना खालच्या कोपऱ्यात चार-पाच सेकंद गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष एवढे दाखवा. जाहिरातीच्या पट्ट्यांना तिथे जागा मिळते.

रोजच्या मालिकेचे वेळापत्रक आम्हाला माहीत आहे. आज चित्रित झालेला भाग चार दिवसांत प्रक्षेपित होतो, तेव्हा यातले काहीच होण्यासारखे नसते. म्हणून हे काम मालिका सुरू होण्याआधी करा. पात्रांची जन्मवर्षे ठरली की वीसएक ध्वनिमुद्रणांची पेढी तयार ठेवा. प्रत्येकाची एक ओळ: रचनेचे वर्ष, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा क्रमांक), तपासलेला वेग आणि पट्टी, ठेका, सगळी कडवी, वाद्यसंगीताच्या जागा मिनिट-सेकंदांसह, तिन्ही हक्कांचे धारक, परवान्याची मुदत, प्रदेश आणि माध्यमे. मग लेखकाने ‘मागे जुने गाणे’ असे लिहिले की त्याच्याकडून त्या यादीतला क्रमांक मागा. क्रमांकाशिवाय तो प्रसंग चित्रीकरणाला जाऊ देऊ नका.

कळावे,

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक, रूपांतरकार आणि ध्वनितंत्रज्ञ